शोषखड्ड्याची परीक्षा

मास्तरांनी प्लॉटवरची मूठभर माती ओली केली, तळव्यांत वळली आणि तिचं गोल वेटोळं करून घरच्यांसमोर धरलं. वेटोळ्याला कुठे तडा नव्हता.

"बांगडी छान झालीय," बायको म्हणाली. "पण मला घट्ट होईल."

"अगं, हे वाईट आहे! वाळू वळतच नाही. गाळाची माती वळते, पण वाकवली की तुटते. ही मुकाट्यानं वाकली, म्हणजे चिकणमाती. हिच्यात पाणी लवकर मुरत नाही. उद्या तपासनीस साहेब खड्ड्यात पाणी ओतून बघणार. ते मुरलं नाही तर शोषखड्ड्याला परवानगी नाही. शोषखड्डा नाही तर संडास नाही, आणि संडास नाही तर घर नाही."

"म्हणजे मी अजून त्या जिन्यातच?" मास्तरांच्या आईनं विचारलं. सध्याचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर होतं आणि संडास खाली अंगणात. जिना उतरताना आईचे गुडघे असे वाजत की शेजारी आपोआप वाट मोकळी करत.

"दाजी, खड्ड्याचं काहीतरी करूया की," मेहुणा म्हणाला.

"काही करायचं नाही! आयुष्यभर भूगोल शिकवला, एका मुलाला कॉपी करू दिली नाही. मातीलाही करू देणार नाही."

माती भिजत राहावी म्हणून मास्तरांनी खड्डा पाण्यानं भरला आणि निर्धास्त मनानं ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी खड्ड्यात मोजपट्टी उभी केली आणि बादली ओतली. पाणी क्षणभर थांबलं, जरा विचारात पडल्यासारखं, आणि गुडगुड करत नाहीसं झालं. दुसरी बादलीही तशीच गेली.

"बघा, कशी हुशार माती!" बायको म्हणाली. आई आणि मेहुणा मुलाचा पहिला नंबर आल्यासारखे हसत होते.

"नापास," साहेब म्हणाले.

"अहो, पाणी तर गेलं ना?"

"गेलं, पण फार घाईनं गेलं. मातीनं पाणी हळूहळू गाळून खाली सोडायला हवं. हे असं सुसाट निघालं तर सगळी घाण थेट विहिरीत."

मास्तर चक्रावले. "साहेब, पण मी कालच हिची बांगडी..."

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "ओ मास्तर! तुमच्या पाण्यात माझ्या चपला वाहून चालल्या!"

सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं.

"एकच पाइप घातलाय, दाजी. बाजूनं. गटारात सोडला होता, सुटला वाटतं."

"पाइप कशाला? मी तळाला वाळू ओतली होती की!" बायको म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

मास्तरांनी आईकडे पाहिलं. "मी नुसतं काठीनं टोचलं," आई म्हणाली. "एक-दोनदा."

"आई!"

"बरं, हात दुखेपर्यंत टोचलं."

एकाच विद्यार्थ्याला तिघांनी तीन बाजूंनी कॉपी पुरवली होती आणि त्यात बिचारा पेपरच फाटला होता.

"साहेब," मास्तर हात जोडून म्हणाले, "माती निर्दोष आहे. नापास करायचं तर आमच्या घराण्याला करा."

साहेबांना हसू आवरेना. "त्या कोपऱ्यात दुसरा खड्डा खणा. उद्या पुन्हा येतो. पण या तिघांना लांब ठेवा."

खणायचं काम अर्थातच मेहुण्याकडे आलं. कोपऱ्यातली माती मास्तरांनी वळली, वाकवली आणि ती तुटली. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी तो तुकडा आईला दाखवला. दुसऱ्या दिवशी परीक्षा होईपर्यंत तिघं बाकावर हात समोर ठेवून बसले होते. नव्या खड्ड्यातलं पाणी आजारी मूल औषध पितं तसं, थोडं थोडं उतरलं.

"पास!" साहेब म्हणाले आणि त्यांनी घराचा नकाशा उघडला. "इथे मात्र काहीतरी आखलंय तुम्ही."

त्या कोपऱ्यात मास्तरांनी स्वतःसाठी एक खोली काढली होती. गल्लीतल्या मुलांना शिकवायची खोली. फळ्याची जागाही दाखवली होती.

"शोषखड्ड्यावर बांधकाम चालत नाही, मास्तर."

"राहू दे रे," आई म्हणाली. "मला जिन्याची सवय आहे." आणि ती उठली. तिचे गुडघे कडकडले.

मास्तरांनी खिशातून खोडरबर काढलं आणि फळ्यापासून सुरुवात केली.

"झाडं तरी लावता येतील?"

"नको, मुळं आत घुसतील. गवत लावा."

घर झालं. आई दिवसातून कितीतरी वेळा उगाचच संडासाचं दार उघडून बघते. कोपऱ्यात गवत लावलं, आणि संध्याकाळी मुलं तिथेच शिकायला बसू लागली. बाहेर सगळीकडे गवत पिवळं पडलं, तरी तो एक तुकडा हिरवागार, मऊ, गादीसारखा.

"मास्तर," एका लहानगीनं त्यावर लोळत विचारलं, "आपलंच गवत एवढं छान कसं हो?"

मुलांचा एकही प्रश्न मास्तरांनी आजवर टाळला नव्हता.

"पुस्तकं उघडा," ते म्हणाले.