गुलबहार बँडाच्या बोलपटी मोहिमेची हकीगत

श्रीपडदेश्वर प्रसन्न, तिकीटखिडकी सदा उघडी असो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी कोण्या एका राज्यात श्रीमंत रंगराव महाराज नामे निर्माते राज्य करीत होते. त्यांनी भर दरबारी विचारिले की, "गुलबहार बँडाची गाणी तमाम रयतेच्या तोंडी आहेत, ती ओवून बोलपट करावा, कथा कोण देतो?" आणि नामांकित लेखक होते त्यांनी माना खाली घातल्या, आणि हा बखर लिहिणारा सेवक तेव्हा जांभई देत होता, त्याचे उघडे तोंड हाच होकार समजून विडा याजकडे आला. ऐसे आमचे शौर्य.

गुलबहार बँडाची कीर्ती काय वर्णावी! क्लॅरिनेटवाले बाबालाल वस्ताद त्यांचे म्होरके, आणि जत्रा, वराती, उत्सव त्यांनी गाजविलेले. परंतु गाणी एकमेकांस ओळखही न देणारी. एक होडीचे, एक हळदीचे, एक नव्या पुलाच्या उद्घाटनाचे, आणि एक 'निघतो, राम राम घ्यावा'. मग सेवकाने बहुत बुद्धी खर्चून ऐसे रचिले की, नायक नावाडी, आणि त्याचे लग्न होते, आणि मग गावी पूल होतो, आणि मग होडीत कोणी बसेना, म्हणोन तो राम राम घेऊन परमुलखी जातो, तेथे मध्यंतर. आणि उत्तरार्धी पस्तावून घरी येतो. महाराज संतोष पावोन म्हणाले, "फक्कड! पूल तेवढा पाडू नका, भाड्याचा आहे."

सेवकाचा जीव मात्र उत्तरार्धी अडकला होता. कारण आमच्या घरचे सरकार, हेमलताबाई. लग्नास वीस वर्षे लोटली, आणि त्यांच्या कोणत्याही गोष्टीस सेवकाने तोंडाने चांगले म्हटले नाही. म्हणू जावे तर जीभ टाळूस चिकटे. म्हणोन शेवटच्या प्रवेशी नावाड्याच्या मुखी घातले की, "तुझ्या हातच्या चहाला कधी गोड म्हटलं नाही गं, पण दुसरीकडचा कधी घशाखाली उतरला नाही." हे बोलणे नावाड्याचे नव्हे, आमचे होते. स्वयंपाकघरात म्हणायची छाती नाही, सबब भरल्या थिएटरात दुसऱ्याकडून म्हणवावे, ऐसी मसलत.

पुढे बोलपट सिद्ध जाहला, आणि पहिल्या खेळास रयत लोटली, आणि गाण्यांसवे ऐसी गाऊ लागली की सेवकाचे संवाद कोणास ऐकू आले नाहीत. तेही सोसले. मग लागले 'निघतो, राम राम घ्यावा'. आता या बँडाचा दंडक ऐसा की, कार्यक्रम कोठेही असो, हे गाणे शेवटचे. दुसऱ्या कडव्यास लोक चपला शोधतात आणि तिसऱ्यास निजलेली पोरे खांद्यावर घेतात. हे राजापासून सेवकापर्यंत सर्वांस ठाऊक होते, आणि ध्यानी एकाच्याही आले नव्हते. मग सारे थिएटर उभे राहिले, आणि दारवानाने दारे उघडली, आणि पहिल्या रांगेत खुद्द बाबालाल वस्ताद उठोन, रयतेस हात जोडोन, खुर्चीखाली क्लॅरिनेटची पेटी धुंडू लागले. सेवक ओरडला, "अहो बसा, मध्यंतर आहे!" एक आजोबा म्हणाले, "मध्यंतराला कुणी राम राम करतं व्हय? गेला बिचारा नावाडी. लई झ्याक झालं." मग सेवकाने हेमलताबाईंचा पदर धरिला, "थांब की, पुढं आहे अजून."

"पुढं काय असणार? गाणं झालं की," ऐसे वदोन, भाजीवाली उठून जाईल म्हणोन सरकारची स्वारी चालती जाहली. उत्तरार्ध सेवकाने पाहिला आणि मागे एक गृहस्थ निजले होते त्यांनी पाहिला नाही. नावाडी ते वाक्य बोलला तेव्हा सेवकास खरेच रडू आले.

मग महाराजांनी दरबार भरवोन विचारिले, हा घात कोणाचा? बाबालाल वस्ताद म्हणाले, "महाराज, माझाच हात पेटीकडं गेला, तिथं लोकांना काय बोलायचं?" मग हुकूम जाहला की, ते गाणे उचलोन शेवटी लावावे. म्हणजे नावाडी मुकाट्याने जाई, आणि परत येई, आणि चहाचे वाक्य बोले, आणि कप ठेवून लागलीच 'निघतो' म्हणोन चालू लागे. सेवकाने अर्ज केला, "आत्ता तर घरी आला, निघतो कुठं?" दिग्दर्शक म्हणाले, "लोक निघतात ना, त्यांच्याबरोबर तोही निघतो." आणि खेळावर खेळ भरू लागले. एका टीकाकाराने यात थोर वैराग्य पाहिले. सेवकाने नाही म्हटले नाही.

हेमलताबाई पुन्हा आल्या. शेवटचे गाणे लागेना म्हणोन अवघी रयत कान देऊन बसली होती, त्या शांततेत ते वाक्य लख्ख ऐकू आले. परतोन बाईंनी घरी चहा टाकिला, कप पुढे ठेविला, आणि पुसले, "ते चहाचं कुणी लिहिलं?"

"मीच."

"वाटत नाही."

मग सेवकाने घोट घेतला, आणि जीभ टाळूस चिकटू लागली तरी ओढून काढिली, आणि वदला, "गोड झालाय."

"साखर घातलीच नाहीये अजून," म्हणोन बाई डबा आणावयास आत गेल्या, आणि आतून होडीचे गाणे गुणगुणल्याचे ऐकू आले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कथा धारातीर्थी पडली, सेवक सुखरूप आहे. अधिक लिहावे, तर साखर आली.