कुंदाबाईंचा तिसरा मजला

करारनामा वाचण्यासाठी नसतो, सही करण्यासाठी असतो. देशातले बहुतेक व्यवहार सुरळीत चालतात ते यामुळेच.

भडगाव तालुक्यातल्या कुंदाबाईंनी केळीच्या वावराचा एक कोपरा मोबाइल टॉवरसाठी भाड्याने दिला. करार घेऊन कंपनीचे अधिकारी ललित आले होते. ललित एम.कॉम. आहेत. कराराच्या शेवटी वाक्य होतं : 'वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून घेतला आहे.' त्याखाली कंपनीतर्फे ललित यांनी सही केली आणि कुंदाबाईंनी अंगठा उठवला. (अंगठा सुरेख उठला. याबद्दल पुढेही दोन्ही पक्षांत वाद झाला नाही.)

कराराचा नमुना नाशिकच्या एका इमारतीचा होता. ललित यांनी त्यात नाव आणि गट नंबर तेवढा बदलला. त्यामुळे कुंदाबाई इमारतीचा तिसरा मजला, लिफ्टसह, कंपनीच्या ताब्यात द्यायला बांधील झाल्या. तो त्यांनी दिला नाही. कंपनीने साहजिकच दावा लावला आणि भरपाई म्हणून सगळं वावर मागितलं.

"मन्हा वावरमा मजला कोठे शे, भाऊ?" कुंदाबाईंनी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. कबूल तुम्ही केलाय," कंपनीचे वकील म्हणाले. कुंदाबाई साक्षर असल्याचंही त्यांनी सिद्ध केलं : बाई जळगावच्या बसमध्ये चढतात आणि जळगावलाच उतरतात.

पाहणीला बेलीफ गिरधर आले. माणूस कामाला चोख. केळीत उभं राहून त्यांनी वर तोंड करून हाका मारल्या आणि पंचनाम्यात लिहिलं : 'तिसरा मजला बंद आढळला. आतून कोणी ओ दिली नाही.' खाली पंचांच्या सह्या. (दोघेही पदवीधर.)

कोर्टाने मजला महिन्याभरात उघडून देण्याचा, नाहीतर वावर कंपनीला देण्याचा हुकूम केला. कुंदाबाई बागेत बसून पोटभर रडल्या. नवऱ्यामागे याच केळीवर त्यांनी दोन मुली उजवल्या होत्या. मग तोंड धुऊन त्या जळगावला गेल्या आणि अपील केलं.

तिथल्या न्यायाधीशांना एक विचित्र खोड होती. ते कागद वाचत.

"तुम्ही यातलं काय वाचलंत?" त्यांनी ललितना विचारलं.

"साहेब, एवढं कोण वाचतं?"

"आणि बाई, तुम्ही?"

"माले वाचता येत नही, सायेब."

करार रद्द झाला. वाचता येत नसल्यामुळे वावर वाचलं. बाहेर आल्यावर कुंदाबाईंनी हळूच आपल्या वकिलाला विचारलं, "मंग तो मजला आते कोना?"

नुकसानीची वसुली कंपनीने ललित यांच्या पगारातून लावली. आपणही करार वाचला नव्हता, असं ललित यांनी कोर्टात प्रतिज्ञेवर सांगितलं. ते फेटाळलं गेलं. वाचता येणाऱ्याने सही केली म्हणजे त्याने वाचलंच, असं कायदा धरून चालतो. न वाचण्याची सवलत फक्त वाचता न येणाऱ्यांना आहे.

आपण ही कथा इथवर वाचलीत, म्हणजे ती सवलत आपल्याला नाही. निदान वकिलाला विचारून तरी वाचायची होती.