शंभरातले अठरा

मंगळवार, २८ मे २०२४. आंजी. साडेआठलाच ऊन चटचट लागतंय. वारा नाही.

शाळेच्या ऑफिसातले क्लार्क प्रेमदास थूल यांनी वहीत एवढं लिहिलं आणि एक लहानसा निर्णय घेतला: बिघाड आपणच शोधायचा, वर्ध्याहून माणूस बोलवायचा नाही.

बिघाड असा. त्यांची मुलगी भावना गावातल्या सहा पोरींकडून पोलीस भरतीची तयारी करून घेत होती. आतल्या खोलीतला जुना कॉम्प्युटर हा सर्व्हर. ओसरीत खिळ्याला टांगलेला नेटवर्कचा स्विच, त्याला सहा लॅपटॉप. मधली वायर छपरावरून ओसरीत आणून प्रेमदासांनी स्वतः ताणून बांधलेली. (शेजाऱ्यांना बोलावून दाखवलेलीसुद्धा.) तिच्याखाली त्यांच्याच सुवाच्य अक्षरात पाटी होती: 'येथे कपडे वाळवू नयेत.' दुपारी चारला पहिली सराव परीक्षा. ती फसली तर पोरींना वर्ध्याच्या क्लासला घालू, असं त्यांच्या आयांनी बजावलं होतं.

आणि सर्व्हरनं पाठवलेल्या माहितीच्या शंभर पॅकेटांतली अठरा स्विचपर्यंत पोचतच नव्हती: लॉस अठरा.

प्रेमदासांनी स्विच बंद करून चालू केला. अठरा. मग छपरावर चढून तिथली वायर बोटानं चाचपली. घामाघूम होऊन उतरले, तोवर लॉस शून्य!

"हाताले गुण आहे!" ते म्हणाले. त्यांनी तोंड धुतलं, उन्हात डोक्याला बांधायचा दुपट्टा भिजवला, पिळला न पिळला.

"बाबा, बावीस झाला," भावना आतून ओरडली.

"कूलर बंद करा! त्याच्या करंटनं होऊन राह्यलं."

"काऊन जी?" त्यांच्या पत्नी धुरपताबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या. "कूलरनं काय घोडं मारलं तुमचं?"

कूलर बंद झाला. मग फ्रिज. मग अर्ध्या चटणीसकट मिक्सर. घराची भट्टी झाली. प्रेमदास जास्त घामेजले, दुपट्टा जास्त वेळा भिजला आणि लॉस एकतीसवर गेला.

"वर्ध्याच्या माणसाले फोन लावा आता," धुरपताबाई म्हणाल्या.

"माह्या वहीत मिनिटामिनिटाचं लिहून आहे. कारण त्याच्यातच सापडन."

साडेतीनला भावनानं वही ओढली आणि मोठ्यानं वाचायला लागली. "आठ दहा, दुपट्टा भिजवला. आठ बारा, लॉस अठरा. आठ पन्नास, दुपट्टा वाळला. आठ एक्कावन्न, लॉस शून्य. नऊ वीस, दुपट्टा भिजवला..." ती थांबली. मागची पानं उलटली. "चार मार्च. वायरच्या स्विचकडच्या पिनेची क्लिप तुटली. चालते."

तिघांनी एकदमच ओसरीकडे पाहिलं. ताणलेल्या वायरवर दुपट्टा ठिबकत होता. त्याच्या ओझ्यानं वायर झोळीसारखी लोंबली होती आणि स्विचमधली पिन अर्धी बाहेर आली होती. पाटी दुपट्ट्याखाली झाकलेली.

"माह्या लुगड्याले त्या वायरजवळ फिरकू देलं नाई ह्या माणसानं!" धुरपताबाई म्हणाल्या आणि हसता हसता खालीच बसल्या.

"पण मी तं तो... घडी घालून टाकत होतो," प्रेमदास म्हणाले.

धुरपताबाईंनी पिन आत दाबून शिवणाच्या दोऱ्यानं घट्ट बांधली. कूलर सुरू झाला. प्रेमदास दुपट्टा डोक्याला गुंडाळून राहिलेली चटणी पाट्यावर वाटायला बसले, म्हणून पुढची नोंद भावनाच्या अक्षरात आहे:

'४.०० परीक्षा सुरू. हजर सहा. लॉस शून्य. बिघाड: बाबा.'