लांबून वाचता येणारं अक्षर

सुरतेहून मोतीबिंदूचं ऑपरेशन करून परतताना ब्राह्मणपुरीच्या चौफुलीवर अमृतलालशेठना एक फ्लेक्स दिसला आणि चालत्या गाडीतून, चष्म्याशिवाय, त्यांनी तो वाचला! 'लोटन.' अक्षरं जाडजूड, गोलमटोल, कुठे टोक नाही की कोपरा नाही, तुपावर वाढलेली. खालचं बारीक काही दिसलं नाही, पण शाळासोबती लोटनचा वाढदिवस असणार, दुसरं काय! शेठनी गाडीतूनच शहाद्याच्या इंद्रसिंग फ्लेक्सवाल्याला फोन लावला. नव्याने रंगवलेलं कापडाचं दुकान दोन दिवसांनी उघडायचं होतं. मधोमध आपला फोटो, त्याखाली याच अक्षरात आपलं नाव, बाकी मजकूर बारीक. "हे अक्षर कितीही लांबून वाचता येईल," असं त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोला, पतासीबाईंना, घरी पोचेपर्यंत तीनदा ऐकवलं.

दोन दिवस डॉक्टरांच्या हुकमाने अंधाऱ्या खोलीत काढून उद्घाटनाच्या सकाळी शेठ पांढरंशुभ्र धोतर नेसून, काळा चष्मा लावून गादीवर बसले. फ्लेक्स पहाटेच चौफुलीवर लागला होता. मुलगा महावीर माल आणायला शहाद्याला गेला होता. पहिला आला लोटनच. ओट्याच्या कोपऱ्यात टेकला, हसला आणि म्हणाला, "उना का शेठ? मी तुन्हीच वाट दखी ऱ्हायंतू."

कोणीतरी आपली वाट पाहत होतं, हे ऐकून शेठना फार बरं वाटलं. पण मग समोरच्या किराणावाल्याने शटर अर्ध्यावर ओढलं. मग शेजारच्याने. मग सगळ्या गल्लीने. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं येऊन ओट्यावर बसू लागली. शेठनी आतून "या, या" म्हटलं, तर पुढचा माणूस तोंडावर रुमाल धरून मागे सरकला. शेजारची दगूबाई दारात आली, गादीकडे पाहिलं आणि भिंतीला धरून मटकन खाली बसली.

शेवटी गिरधर पाटील पुढे झाला. पन्नास वर्षांची दोस्ती, पण त्याने लांबूनच हात जोडले.

"शेठ, जीव अडकाडू नको. दुकान महावीर संभाळी ली. तू जाय आते."

शेठनी गुपचूप नाडी चाचपली, सापडेना. डॉक्टरांनी टेबलावर झोपवलं ते आठवत होतं, उठवल्याचं काही केल्या आठवेना. त्यांना दरदरून घाम फुटला.

एवढ्यात मागच्या दारातून पतासीबाई कडाडल्या, "दोनदा हाक मारली, चहा गार झाला. डोळे झाले, आता कान दाखवायला सुरतेला जायचं का?"

शेठना रडूच आलं. मेलेल्या नवऱ्याला कोणती बायको असं बोलेल?

मग सगळा उलगडा झाला. इंद्रसिंग हे अक्षर फक्त श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला वापरायचा. गाव ते लांबूनच ओळखायचं आणि टोपी काढायचं. खालचं बारीक वाचायला जवळ जातंय कोण? गिरधर शेठना मिठी मारून हसत होता, रडत होता.

"लोटनना फ्लेक्स तू दखा नही का? त्याले जाईसन चार दिन व्हयनात, तू सुरतले व्हता."

शेठनी हळूच ओट्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. गर्दीतही तेवढी एक जागा सगळ्यांनी मोकळीच ठेवली होती.

त्याच दुपारी त्यांनी फ्लेक्स उतरवला. अक्षर कितीही लांबून वाचता येतं, हे मात्र त्यांनी पुन्हा कोणाला सांगितलं नाही. लोटनने ते नेमकं कुठून वाचलं होतं, हे आठवलं की त्यांना चहा कडू लागायचा.