मुर्रीच्या जीपचे डिझेलीकरण

कोणतीही गाडी चालू असेपर्यंत तिच्याबद्दल मूलभूत विचार करता येत नाही. चालत्या गाडीत माणसं बसतात, गावाला जातात, परत येतात, आणि त्या धांदलीत विचार राहून जातो. म्हणून गाडी बंद पाडणे ही थोर नियोजनाची पहिली पायरी होय. हे तत्त्व पुष्कळ ठिकाणी पाळलं जातं, पण मुर्री गावच्या भूपेंद्रने ते ज्या निष्ठेने पाळलं तिची कुणी दखल घेतली नाही. ती इथे घेत आहोत.

भूपेंद्रकडे वडिलांनी लिलावात घेतलेली जुनी पेट्रोल जीप होती. तिचं हूड फाटकं होतं आणि तिला दारं नव्हती (त्यामुळे दारं नीट लागत नाहीत अशी तक्रारही कधी आली नाही). पण चारही चाकांना जोर होता, आणि किल्ली फिरवली की ती सुरू व्हायची. एरवी ती बांधीवरची, म्हणजे धानाच्या शेतातली, किरकोळ कामं करी. तिचं खरं काम वर्षातून एकदाच असे. भूपेंद्रची थोरली बहीण शामकला हिला इटियाडोह धरणाच्या पलीकडे जंगलातल्या एका गावी दिलेली. डांबरी रस्ता संपला की तिथे जायला बैलगाडीची चाकोरी, आणि मध्ये एक नाला. धरणाचं फुगलेलं पाणी त्यात दिवाळीनंतरही मांडीभर असतं.

दिवाळी झाली की मुर्रीत मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि मंडईला लेकी माहेरी येतात. येतात म्हणजे आणल्या जातात. आपल्या पायांनी चालत माहेरी येणारी लेक शोभत नाही; भावानं न्यायला जावं लागतं. तर भूपेंद्र जीप घेऊन जाई, नाला ओलांडी आणि शामकलेला घेऊन येई. त्यांची आई, म्हातारी सुशिलाबाई, त्या मंडईच्या चार दिवसांवर उरलेलं वर्ष काढी.

सगळं असं सुरळीत चाललेलं असल्यामुळे सुधारणा तातडीची होती.

तिची निकड एका मंडईतच ध्यानात आली. भूपेंद्र बहिणीला घेऊन जीपने गर्दीत शिरला तेव्हा कुणी मान वळवून पाहिलं नाही. पाठोपाठ एका ठेकेदाराची डिझेल गाडी घुरघुरत आली आणि फुगेवाला बाजूला झाला, पानठेल्यावरचे लोक वळले, दंडार हे लोकनाट्य रंगात आलेलं असतानाही त्याच्या प्रेक्षकांनी तिकडे पाहिलं. माणूस आलेला दिसला पाहिजे हे खरं. पण तो आधी ऐकू आला पाहिजे. भूपेंद्रने त्याच क्षणी डिझेलचा निर्णय घेतला. त्याच्या शेजारी बसलेली शामकला तेव्हा आईसाठी जिलेबी घेऊया म्हणत होती, ते मात्र त्याला ऐकू गेलं नाही.

आमगावचे मिस्त्री मुन्नालाल यांना पाचारण करण्यात आलं. त्यांनी बोनेट उघडलं, बिडी पेटवली आणि अभिप्राय दिला.

"पहले इंजन बाहेर काढा, भाऊ. जागा दिसली पायजे. जागा दिसल्याबगर कोन्तं इंजन बसते, हे ब्रह्मदेव भी नाही सांगू शकत."

जागा दिसावी म्हणून चालू इंजीन त्याच दुपारी बाहेर काढण्यात आलं. (संपूर्ण योजनेत वेळेवर पार पडलेलं हे एकमेव काम.) काढलेलं इंजीन अंगणात अडचण करील म्हणून शेजारच्या इतवारीने ते उचलून नेलं आणि धान उफणायच्या पंख्याला जोडलं.

यानंतर डिझेलीकरण समिती आपोआप स्थापन झाली. तिची बैठक रोज संध्याकाळी जीपच्या सावलीत भरे. सभासद सात आणि प्रस्ताव नऊ होते, कारण दोन सभासदांचं स्वतःशीही एकमत नव्हतं. अध्यक्षस्थानी योगराज असत. त्यांनी आयुष्यात एकही वाहन चालवलेलं नसल्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती समजलं जाई. ट्रॅक्टरचं इंजीन बसवलं तर जोर उदंड मिळणार होता, पण मग जीप ट्रॅक्टरच्याच चालीनं चालणार आणि बोनेट लागणार नाही. पिकअपचं बसवलं तर त्याची तेलाची टाकी पुढच्या आसाला घासणार. टॅक्सीचं बसवलं तर ते नाल्यात दम टाकणार. हा शेवटचा मुद्दा निघाला की सर्वांना नाल्याची आठवण होई आणि बैठकीला गांभीर्य येई. चहा सुशिलाबाई करी. तो सभासदागणिक दोन कप लागे.

कामकाजात एकच व्यत्यय होता. जुनं इंजीन कसं कामातून गेलेलं होतं हा विषय निघाला की नेमकं तेच इंजीन इतवारीच्या अंगणात सुरू होई आणि सभासदांना आवाज चढवून बोलावं लागे.

इंजीन काढल्यानंतरच्या पहिल्या मंडईच्या आधी शामकलेचा फोन आला. "कवा येतेस गा न्यावाले?"

"यंदा थांब, बाई. आता येईन त डिझेलमंदीच येईन. साऱ्या गावाले आयकू जाईल."

शामकला धुतलेलं लुगडं पिशवीत घालून दाराशी बसली होती. तिने पिशवी परत आत नेली. पुढल्या वर्षी तिने पिशवी भरायच्या आधी फोन केला. त्याच्या पुढल्या वर्षी तिने भूपेंद्रला फोन केलाच नाही, थेट आईला केला, आणि दोघी नुसत्या धानाबद्दल बोलल्या.

"बसनं जा ना गा," सुशिलाबाई म्हणाली. "पोरगी वाट पाहून राहिली."

"बस नाल्याच्या अलीकडंच थांबते, माय. पुढं का तिले पायदळ आनू? लोक का म्हनतीन? याच्या घरी डिझेल बसून राहिलं, आन् बहीन चिखलातून आनली?"

म्हातारी उठून आत गेली. चहाचं आधण आलं होतं.

दरम्यान जीपने स्वतःहून प्रगती केली होती. पावसाळ्यात कुंपणावरचा कोहळ्याचा वेल इंजिनाच्या रिकाम्या जागेत शिरला आणि तिथे एक कोहळा धरला. तो दिवसेंदिवस फुगत जाऊन चारी बाजूंनी टेकला. आसाला घासला नाही, आणि वर बोनेटही लागलं. इंजीन निघाल्यापासून त्या जागेत नेमकं बसलेलं हे पहिलंच काही होतं. कोहळा उतरेपर्यंत मापं घेऊ नयेत असा ठराव एकमताने झाला (समितीच्या इतिहासातलं पहिलं एकमत).

मग त्या तिसऱ्या वर्षीच्या मंडईचा दिवस उजाडला. साऱ्या गावच्या लेकी गावात येत होत्या, आणि सुशिलाबाई गावाबाहेर निघाली होती. तिने पहाटे बोनेट उघडून कोहळा तोडला, फडक्यात बांधला आणि बसचा रस्ता धरला. वाटेत इतवारीने विचारलं, "काऊन वो काकी, मंडई सोडून कोठी चालल्या?"

"पोरीले येता येत नाही, त मी जातो."

"आन् लेकीच्या घरी राहाल? लोक नाव ठेवतीन ना."

"ठेवू दे. नाव ठेवावाले डिझेल लागत नाही."

तिने बस धरली, नाल्याशी उतरली, लुगडं खोचलं, कोहळा डोक्यावर घेतला आणि मांडीभर पाण्यातून पलीकडे गेली. (सदर नाला अशा रीतीने इंजिनाशिवाय ओलांडला गेल्याचं समितीला कळवण्यात आलं. अपवादाने नियम सिद्ध होतो, असं अध्यक्षांनी सांगितलं.) संध्याकाळी शामकलेचा फोन आला. वर्षभरात ती भूपेंद्रशी पहिल्यांदाच बोलत होती.

"माय आता अठीच राहीन म्हनते. आमच्या गावची मंडई बी मोठी असते. तू बी ये भेटावाले."

"येतो ना बाई. डिझेल बसलं का येतोच."

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

भूपेंद्र जीपमध्ये जाऊन बसला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तो बराच वेळ समोर पाहत राहिला. मंडईतला ढोल ऐकू येत होता आणि घरात चूल पेटलेली नव्हती. त्याला रडू यायच्या बेतात होतं. सकाळी बस असते, असा एक विचारही त्याच्या मनात येऊन गेला. पण तेवढ्यात योगराज आले आणि अनर्थ टळला. त्यांनी बोनेट उघडून आत पाहिलं आणि आनंदाने सांगितलं की जागा दिसते आहे.

तिथून पुढे गोष्टी झपाट्याने स्पष्ट झाल्या. सुशिलाबाई तिकडे गेल्यामुळे शामकलेला इकडे आणण्याचं काम उरलं नाही. तिला आणायचं नाही म्हणजे मागचं बाक नको, नाला नको, चार चाकांचा जोर नको. भार एवढा घटल्यावर लहान इंजीन पुरतं, आणि लहान इंजिनाचा तर आजवर कुणी विचारच केलेला नाही. नऊही प्रस्ताव रद्द करून समितीने नव्याने आरंभ केला आहे. चहा आता भूपेंद्र करतो. तो बरा नसतो, तरी सभासद पितात.

एवढं वाचताना तुमच्याही मनात एखादं इंजीन आलं असेलच. ते सुचवायला अवश्य यावं. बैठक रोज संध्याकाळी असते. मात्र ज्यांना इंजीन सुचलं नाही, पण आपणही कुणाला तरी "तेवढं काम झालं की येतोच" असं सांगून ठेवलंय हे आठवलं, त्यांनी कृपया येऊ नये. अध्यक्ष धरून आमचे सगळे सभासद तसेच आहेत, आणि जीपची सावली आधीच अपुरी पडते.