मावशीनं घासलेला वाघ

किशोरच्या अकोल्यातल्या घरात नाण्यांना हात लावायची बंदी होती. प्रूफ नाणं म्हणजे खास संग्राहकांसाठी पाडलेलं, आरशासारखं; बोट लागलं की जन्माचा डाग. सीमा म्हणे, "बायकोले कधी इतकं जपलं नाई या मानसानं."

अशा नाण्यांचा एक संच वडिलांनी टाकसाळीतून मागवून त्याला दिला होता. आता वडील नव्हते. आणि अमरावतीच्या एका व्यापाऱ्याला नेमका तोच संच हवा होता. बदल्यात तो एक दुर्मिळ नाणं देणार होता: चांदीचं, पण मुद्दाम काळंभोर केलेलं, मधोमध वाघ. नाणं त्यानं पाहायला म्हणून घरी दिलं होतं, अदलाबदल उद्या. वडिलांची आठवण सोडवेना आणि वाघही सोडवेना, अशा अवस्थेत किशोर वाघाच्या नाण्याची डबी टेबलावर उघडीच ठेवून कामाला गेला.

दुपारी सीमाची मावशी पार्बताबाई अंजनगावहून आल्या. सीमा दळण आणायला गेली आणि मावशींची नजर डबीवर पडली. चांदी, आणि काजळासारखी काळी? जावयाच्या घरी भाचीची अब्रूच गेली की. मावशींनी चिंच भिजत घातली.

संध्याकाळी किशोर आला, तर मावशी मोरीपाशी डोळे पुसत बसलेल्या.

"जवाईबापू, मले माफ करा. घासली तशी थे पिवळी होत गेली. आनखी घासली, तं आनखी पिवळी. माह्या हातानं चांदीचं पितळ झालं."

किशोरला आधी फक्त वाघाच्या गेलेल्या मिशा दिसल्या. मग हळूहळू उजेड पडला.

"मावशी, घासून चांदीचं पितळ नाई होत."

"मंग हे काहून झालं?"

"पयलेपासून पितळच होतं थे."

त्यानं व्यापाऱ्याला फोन लावला. तो उलट तडकला, "असं दुर्मिळ नाणं कोणी घासते काय?"

"आमच्या घरी घासतेत," किशोर म्हणाला आणि मावशींच्या पाया पडला.

मग कपाटातून वडिलांचा संच काढून त्यातलं एक नाणं त्यानं मावशींच्या ओल्या तळहातावर ठेवलं. सीमानं घाईनं फडकं पुढं केलं. मावशींनी नाण्यात स्वतःचं तोंड पाहिलं, केस सारखे केले.

"हे तं लय चकचकीत हाये. कोन घासते हे?"

"आपली सीमाच," किशोर म्हणाला.