लाईन डीम आहे

रहांगडाले काकाजी कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नाहीत. चपला काढतात, कामाचं टेबल कुठे आहे ते विचारतात, आणि त्यावर पंजा आडवा धरून खाली पडलेली सावली न्याहाळतात. सावली पसंत पडली तरच चहाला हो म्हणतात. गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या आमच्या मोहल्ल्यात ते दुरून येताना दिसले की लोक भराभर दिवे लावतात.

मी साताऱ्याकडची, लग्न होऊन इकडे आले. घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते. शेजारचे हे निवृत्त चित्रकला शिक्षक पहिल्याच भेटीत म्हणाले, "सूनबाई, तुझे डोरे पाहाले आलो." आमच्याकडे डोरे टाकतात, आणि तेही या वयाचे गृहस्थ टाकत नाहीत. मी घाबरून नवऱ्याला हाक मारली. तो हसतच सुटला. इकडच्या बोलीत ळचा र होतो, होचं हव होतं. काकाजींना माझ्या डोळ्यांची काळजी लागली होती.

काळजी हा त्यांचा पूर्णवेळ धंदा. "काऊन अशी बसून राहिली, उजेड पाठीवर घेऊन?" खिडकी माझ्या मागे होती आणि संगणकाच्या पडद्यावर तिचाच चौकोन चमकायचा. दुपारी डोकं ठणकायचं, त्याचं खापर मी गोंदियाच्या उन्हावर फोडत होते. काकाजींनी टेबल फिरवून खिडकी डावीकडे आणली. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा. मग मी पेन उचललं, डाव्या हाताने. ते मटकन खुर्चीत बसले. "आधी सांगाले काय झालं होतं, बाप्पा?" टेबल पुन्हा फिरलं.

डोळ्यांवर येणाऱ्या एलईडी बल्बवर त्यांनी बांबूची टोपली उपडी टांगली, तिला आतून पांढरा कागद चिकटवला. समोरच्या काळपट भिंतीवर जुनी कॅलेंडरं पाठमोरी लावली. "भिंत उजेड खाऊन राहिली. तिले वापस द्याले शिकव." सगळा कारभार घरातल्या अडगळीतून झाला आणि माझी डोकेदुखी खरोखर थांबली. त्यांची काळजी मात्र थांबली नाही.

उन्हाळी धानाला पाणी द्यायच्या मोटारी चालू झाल्या की इथे व्होल्टेज पडतं. विजेला इकडे लाईनच म्हणतात. मग काकाजी दारोदार फिरतात. "लाईन डीम आहे. ठेव ते काम. डोरे जातीन." भाजी चिरणाऱ्या बाईच्या हातातला चाकूसुद्धा काढून घेतात. लोक चिडवतात, मीही चिडवायची.

पण या वर्षी धान कापून झालं, मोटारी थांबल्या, पंखे गरगरा फिरू लागले, तरी काकाजींची लाईन डीमच. मला ते खटकायला लागलं. आमची पायरी ते आधी पायाने चाचपत. चहा घ्यायला गेले की हात कप सोडून बाजूलाच पडे. विचारलं तर "व्होल्टेज नाई ना जी" म्हणून उठून चालते होत. त्यांचा मुलगा हैदराबादला. त्याला कळवावं की नाही, या घोरात माझ्या प्रुफांत चुका राहू लागल्या.

एका दुपारी ते आमच्या अंगणात उभे राहून नव्या बल्बच्या खोक्यावरचं वाचत होते. खोकं डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि वैतागून म्हणाले, "डीम आहे लाईन."

वर ऊन रणरणत होतं.

"काकाजी, आपण अंगणात आहोत."

त्यांनी खोकं खाली केलं. मग हळूच म्हणाले, "कमलीबी असंच म्हने." कमली म्हणजे त्यांची बायको, मी या गावात यायच्या आधीच गेलेली. "म्हने, मले दिसून नाई राहिलं. मी म्हनो, लाईन डीम आहे. अन् बल्ब बदलवत राहिलो. शेवटी हातानं माह्या चेहरा चाचपे, तरी मी बल्बच बदलवला. दवाखान्यात नेलीच नाई."

"मग तुम्ही तरी चला."

"अन् डॉक्टर म्हनन उशीर झाला, तं? पोरगा घेऊन जाईन मले. तिथं एक भिंत ओरखीची नाई."

मी हट्टाला पेटले. दुसऱ्याच दिवशी त्यांना ऑटोत घालून गोंदियाला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. थेंब घालून बसवलं तेव्हा त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. मी मनातल्या मनात दिसेल त्या देवाला नवस बोलत होते. डॉक्टरांनी तपासलं आणि सहज सांगितलं, मोतीबिंदू आहे, पिकलाय. छोटं ऑपरेशन, मग छान दिसेल.

माझ्या जिवात जीव आला. काकाजींचा चेहरा मात्र उतरला.

"इतकंच?"

"इतकंच, काका," डॉक्टर हसून म्हणाले.

बाहेर बाकावर ते डोळे मिटून बसले. तसेच म्हणाले, "कमलीचंबी इतकंच असन, सूनबाई."

"नाही काकाजी. त्यांचं वेगळं होतं."

मी त्या बाईंना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"हव?" त्यांनी विचारलं.

"हव जी," मी म्हणाले.